मदत हवी आहे: जुन्या लाँचला किनाऱ्यावरून लाईट घेऊन बॅटरी चार्जिंग करायचंय, बामणोली साईड (कोयना बॅकवॉटर)

नमस्कार मंडळी, इथं बोटीचं काम केलेलं कुणी असेल किंवा निदान इलेक्ट्रिकमधलं जाणकार असेल तर प्लीज वेळ काढून वाचा, जरा लांबलंय.

आमच्या आप्पांची एक जुनी फायबरची लाँच आहे, २२ फुटी, डिझेल इंजिन सेल्फ स्टार्टवालं, १२ व्होल्टची एकच ८८ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी. त्याच बॅटरीवर स्टार्टर, दोन लाईट आणि तळातलं पाणी काढायचा छोटा पंप, फ्लोट स्विचवाला (तळात पाणी वाढलं की स्विच वर उचलला जाऊन पंप आपोआप चालू होतो). सीझनला वासोटा किल्ल्यावर जाणारी माणसं असतात तेव्हा इंजिन रोज चालतं, अल्टरनेटर बॅटरी भरतो, काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम पावसाळ्यात. टुरिस्ट बंद, इंजिन आठ आठ दिवस चालू होत नाही आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीय, थांबतच नाही. पंप मात्र चालतच राहतो. बोट वर ओढून ठेवा म्हणाल तर ते जमत नाही, कारण पलीकडच्या वाडीत रात्री कुणी आजारी पडलं तर फोन आप्पांनाच येतो.

मागच्या जुलैत पहाटे आप्पा छत्री घेऊन खाली गेले तर बोट मागच्या बाजूनं बसलेली, पाणी इंजिनच्या फाउंडेशनला टेकलेलं, फ्लोट स्विच वर आलेला पण पंप गप्प. मीटर लावला तर बॅटरी १०.९ व्होल्ट. सत्तरीचा माणूस दोन तास बादलीनं पाणी उपसत होता आणि मी साताऱ्यात झोपलेलो. तेव्हापासून डोक्यात एकच, यंदा पावसाच्या आत याचा बंदोबस्त करायचा.

हिशोब मी केलाय तो असा. पंप साधारण ३ अँपिअर घेतो, जोराच्या पावसात दिवसातून ४ तास चालला तरी १२ एएच गेले. लेड अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये म्हणतात, म्हणजे हातात ४४ एएच, साडेतीन दिवसांत खलास. आणि आमची बॅटरी तीन वर्षांची, म्हणजे त्याहून कमीच धरा.

आता घरात लाईट आहे, घरापासून पाण्यापर्यंत सप्टेंबरात ६० मीटर. पण धरणाचं पाणी एका जागी राहतंय कुठं, मे महिन्यात तेच पाणी उतारावरून पार खाली जातं आणि जून-जुलैत रोज वर चढत येतं, त्यामुळं बोटीची जागा दर दोन-चार दिवसांनी बदलते. फिक्स खांब, फिक्स सॉकेट असलं काही करता येत नाही.

चुलतभाऊ म्हणतो एवढं काय, मोटरीची टू कोर केबल पडलीय ती टाक, बोटीत चार्जर ठेव, झालं काम. मला ते पटत नाही. तिथंच पोरं पोहतात, बायका कपडे धुतात, म्हशी उतरतात. म्हणून उलटं करून बघितलं, चार्जर घरात ठेवायचा आणि १२ व्होल्टच खाली न्यायचे. पण ६० मीटर जाऊन येऊन १२० मीटर तांबं, १० स्क्वेअर एमएमची केबल घेतली तरी २० अँपिअरला ४ व्होल्टच्या वर ड्रॉप येतो, बॅटरीला चार्जिंगचे १४.४ व्होल्ट पोचणारच नाहीत. म्हणजे २३० पाठवले तर माणसाला धोका आणि १२ पाठवले तर वाटेतच संपतात. इथंच अडकलोय.

तर विचारायचं हे की, २३० व्होल्ट बोटीपर्यंत सेफ नेता येतात का, त्याला नक्की काय काय लागतं? आणि घरच्या इन्व्हर्टरचा चार्जर बोटीत चालेल का?

प्रतिसाद (मिरजेहून)

दादा, पहिलं काम, ती टू कोर केबल उचलून माळ्यावर टाका आणि भावालाही समजवा. अर्थिंगशिवाय पाण्याजवळ २३० न्यायचेच नाहीत.

मी पॅनल वायरिंग करतो, बोटीचं एक काम केलंय, त्यावरून सांगतो. धरणाचं पाणी गोडं, ते खाऱ्या पाण्याइतका करंट वाहून नेत नाही, माणसाचं अंग त्यापेक्षा बरं वाहतं. त्यामुळं बोटीतून करंट पाण्यात गळायला लागला आणि जवळ कुणी पोहत असेल तर तो करंट त्याच्या अंगातून वाट काढतो. शॉकनं माणूस जागेवर मरायलाच पाहिजे असं नाही, हातपाय आखडतात आणि तो बुडतो, काठावरच्याला कळतसुद्धा नाही.

नेणारच असाल तर थ्री कोर रबर केबल, अखंड, मधे एकही जोड नको. घराकडच्या टोकाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठं गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच), तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं. दोन्हीकडं निळे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट १६ अँपिअरचे, घरचा पांढरा थ्री पिन नको. आणि बोटीत अर्थची वायर इंजिनच्या बॉडीला म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडावीच लागते, नाहीतर चार्जरमधे फॉल्ट झाला तर आरसीसीबीला कळणार कसं? पण यातच दुसरी गोम आहे, किनाऱ्याकडची अर्थ तुटली तर तोच फॉल्ट शाफ्ट-पंख्यातून पाण्यात उतरतो. मोठ्या बोटींना त्यासाठी मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (किनाऱ्याची आणि बोटीची लाईन एकमेकींपासून वेगळी ठेवणारा) बसवतात, जड आणि महाग काम. सारखी जागा बदलणाऱ्या, चिखलातून ओढल्या जाणाऱ्या केबलवर माझा तरी भरवसा नाही, तुम्ही नेऊ नका.

इन्व्हर्टरचा चार्जर ओल्या बंद कप्प्यात ठेवायचा नाही. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हवा खेळती पाहिजे आणि ठिणगी पडेल असं काही शेजारी नको.

मी काय केलं असतं सांगू का, भार कमी केला असता. बोटीवर उतरती ताडपत्री घाला, निम्मं पाणी आत येणारच नाही. दुसरी बॅटरी घ्या फक्त पंपासाठी, मधे व्हीएसआर रिले टाका (इंजिन चार्ज करत असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडतो, एरवी वेगळ्या ठेवतो) म्हणजे पंपानं बॅटरी उतरवली तरी स्टार्टरची शाबूत राहते. पंपाची वायर मेन स्विचच्या आधी थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज टाकून. आणि सोलर.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. म्हणजे २३० चा विषय मी बंद केला, आप्पांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले ताडपत्री आधी घालायचो, फाटल्यावर राहूनच गेलं.

तुमचं वाचून काल गावी जाऊन बॅटरी बघितली. टर्मिनलला पांढरं-हिरवं साचलेलं, दोन सेलमधे प्लेटा उघड्या पडलेल्या. रात्रभर घरी चार्ज करून सकाळी सगळं काढून ठेवलं आणि संध्याकाळी मोजलं तर १२.३. भरलेली १२.६-१२.७ दाखवायला हवी ना? ही बदलायचीच असं धरतो. आणि पंपाची वायर मेन स्विचच्या पुढूनच निघाली, म्हणजे त्या रात्री कुणी स्विच बंद केला असता तर पंप पहिल्या मिनिटापासून बंदच.

आता एकच राहिलं. १०० वॉटचं पॅनल छपरावर बसतंय. उन्हात ५ अँपिअर देईल, पण आमच्याकडं जुलैत ऊन कुठलं, पंधरा पंधरा दिवस धुकं. दहावा हिस्सा धरला तर दिवसाला जेमतेम ३ एएच येतील, ताडपत्रीनं पंपाचा खर्च ६ एएचवर आला तरी ३ कमी पडतात. तर दोन पॅनल घालू, की पंपासाठी १५० एएचची ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असते तसली बॅटरी) घेऊन दर दहा दिवसांनी तासभर इंजिन चालवू? ट्यूब्युलर बोटीच्या हलण्यात टिकते का, आणि अल्टरनेटर तिला तासाभरात किती भरेल? कुणी प्रत्यक्ष वापरली असेल तर सांगा, शनिवारी साताऱ्यातून सामान घ्यायचंय.