ओख्याच्या सरगॅसममधील फिनॉल डिसेंबर आणि मार्चमध्ये इतके वेगळे का?

प्रश्न (बडोद्याची_वनस्पती):
नमस्कार. मी बडोद्यात वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि प्रकल्पासाठी गुजरातमधील ओख्याच्या खडकाळ किनाऱ्यावरून सरगॅसम हे तपकिरी शैवाल आणते. एकाच जागेवरचे, एकाच जातीचे नमुने डिसेंबरात आणि मार्चमध्ये घेतले. वाळवण्याची आणि मिथेनॉलमध्ये अर्क काढण्याची पद्धत दोन्ही वेळी सारखीच होती. तरीही मार्चच्या अर्कात एकूण फिनॉल (टॅनिनांसारख्या संयुगांचा गट) बरेच जास्त भरले आणि फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य मात्र घटले. हा फरक ऋतूचा मानावा काय, आणि तसे लिहायचे असेल तर आणखी काय तपासावे?

उत्तर (खडक_आणि_ओहोटी):
फरक खरा असू शकतो, पण नुसते ‘ऋतूमुळे’ असे लिहून भागणार नाही. ऋतूबरोबर प्रकाश, पाण्याचे तापमान, पाण्यातील नायट्रेट आणि खुद्द शैवालाचे वय हे सगळेच बदलत असते. या विषयावरचे जुने पण आजही वाचण्याजोगे काम स्कॉटलंडमधले आहे. तेथे डब्ल्यू. ए. पी. ब्लॅक यांनी १९४० च्या दशकात तपकिरी शैवालांच्या घटकांचे वर्षभरातले चढउतार मोजले. लॅमिनेरिया या थंड समुद्रातल्या तपकिरी शैवालात हिवाळ्याअखेर आणि वसंतात पाण्यात नायट्रेट मुबलक असल्यामुळे वाढ जोरात होते. उन्हाळ्यात नायट्रेट संपते आणि वाढ मंदावते, पण प्रकाशसंश्लेषण चालूच राहते, आणि जादा कार्बन लॅमिनारिन (साठ्याची बहुशर्करा) व मॅनिटॉल (शर्करा-अल्कोहोल) यांच्या रूपाने शरदापर्यंत साठत जातो. हा साठा फुगला की प्रथिने, राख (खनिजे) आणि अल्जिनेट (पेशीभित्तिकेतला चिकट पदार्थ) यांची टक्केवारी आपोआप उतरते, मग ते पदार्थ प्रत्यक्षात कमी झालेले असोत वा नसोत. केवळ टक्केवारीवर भिस्त ठेवणारे निष्कर्ष मला म्हणूनच कच्चे वाटतात.

स्कॉटलंडचे वेळापत्रक मात्र सौराष्ट्राला लावता येणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि गढूळ असतो; तो निवळल्यावर सरगॅसमला नवी फूट येते, थंडीत ते भरात असते आणि ऊन चढू लागले की झडू लागते. म्हणजे आपला डिसेंबरचा नमुना बहुधा वाढीच्या भरातला आणि मार्चचा पक्व किंवा निबर झालेला असणार. तपकिरी शैवालांतली फिनॉले मुख्यतः फ्लोरोटॅनिने (तपकिरी शैवालांतली टॅनिने) असतात आणि ती अतिनील किरणांपासून व शैवाल खाणाऱ्या प्राण्यांपासून बचाव करतात. उलट फ्यूकोझँथिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य असल्याने मंद उजेडात त्याचे प्रमाण अधिक असते आणि प्रखर उजेडात ते घटते. तेव्हा आपली दोन्ही निरीक्षणे एकमेकांशी सुसंगत आहेत.

उत्तर (थर्माकोलची_पेटी):
ओख्याहून बडोद्यापर्यंतचा गाडीचा प्रवास हाही प्रयोगाचाच भाग समजावा. पेटीतला बर्फ वितळून पिशवीत गोडे पाणी शिरले, तर मॅनिटॉल आणि विद्राव्य फिनॉले पाझरून जातात, आणि डिसेंबरातला बर्फ मार्चमधल्यापेक्षा अर्थातच जास्त टिकतो. नमुने समुद्राच्याच पाण्यात धुऊन, पाणी निथळून, घट्ट बंद पिशव्यांत आणि काळ्या कापडात गुंडाळून आणावेत. फ्यूकोझँथिन उजेडात आणि उष्णतेत टिकत नाही.

बडोद्याची_वनस्पती:
दोघांचेही आभार. नमुन्यांची छायाचित्रे पुन्हा पाहिली. मार्चच्या फांद्यांवर पानांच्या बेचक्यांत बारीक शेंगांसारखे गुच्छ आहेत आणि जुन्या पानांवर पांढरट जाळीदार थर चढलेला आहे. डिसेंबरात यांपैकी काहीच नव्हते. फिनॉल फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने (अभिकारकाला येणाऱ्या निळ्या रंगावरून), गॅलिक आम्ल हा तुलनेचा प्रमाण-पदार्थ धरून मोजले आहे.

उत्तर (खडक_आणि_ओहोटी):
ते गुच्छ म्हणजे सरगॅसमची प्रजननांगे होत. तेव्हा आपण दोन महिन्यांची नव्हे, तर दोन अवस्थांची तुलना केली आहे, आणि अहवालात ती तशीच मांडावी. अवस्थेचा परिणाम किरकोळ नसतो: जपान-कोरियात खाल्ल्या जाणाऱ्या उंडारिया या तपकिरी शैवालात फ्यूकॉइडन (गंधकयुक्त बहुशर्करा) पात्यापेक्षा बुडाशी असलेल्या प्रजननक्षम भागात कितीतरी जास्त असते. म्हणून पाने, हवेचे फुगे आणि प्रजननांगे वेगळी करून मोजावीत, आणि अनेक झुडपे एकत्र न दळता प्रत्येकाचा अर्क स्वतंत्र काढावा. पांढरा थर बहुधा ब्रायोझोआ या वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म सागरी प्राण्यांचा आहे. त्याचा चुना वजनात धरला जातो, त्यामुळे तो खरवडून टाकावा आणि आकडे राखविरहित शुष्क वजनावर (नमुना जाळल्यावर उरणारी राख कोरड्या वजनातून वजा करून) द्यावेत.

फोलिनचा अभिकारक एस्कॉर्बिक आम्लासारख्या इतर क्षपणकारक पदार्थांशीही रंग देतो, हे ध्यानात असावे. तपकिरी शैवालासाठी गॅलिक आम्लाऐवजी फ्लोरोग्लुसिनॉल (फ्लोरोटॅनिनांचा मूळ घटक) प्रमाण धरणे अधिक योग्य ठरते; शक्य असल्यास डायमेथॉक्सीबेन्झाल्डिहाइडची, फ्लोरोटॅनिनांशीच रंग देणारी, पद्धतही जोडीला वापरावी.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर दरमहा एकाच उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्येला किंवा पौर्णिमेला, नमुने घ्यावेत. कच्छच्या आखाताचा जामनगरकडचा बराच भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि तेथून काहीही उचलण्यास वनखात्याची परवानगी लागते. आपली जागा त्या हद्दीबाहेर आहे की नाही, हे आधी त्यांच्याकडूनच लेखी घ्यावे.