फोल्डरांची मांडणी कोणी ठरवावी: संगणकाने, फोल्डरने की आपण?

रकानेप्रेमी (चर्चाप्रस्ताव)

फोल्डर उघडल्यावर त्यातल्या फाइली मोठ्या चित्रांच्या रूपात दिसाव्यात, नुसत्या नावांच्या यादीत दिसाव्यात की तारीख, प्रकार आणि आकार यांच्या रकान्यांसह दिसाव्यात, हा निर्णय विंडोजचा फाइल एक्सप्लोरर पुष्कळदा आपल्याला न विचारताच घेतो. आतल्या फाइलींचा अंदाज घेऊन तो फोल्डरवर पाचांपैकी एक शिक्का मारतो: सर्वसाधारण, दस्तऐवज, चित्रे, संगीत किंवा चित्रफिती. कागदपत्रांच्या फोल्डरात छायाचित्रे साठत गेली की हा शिक्का बदलू शकतो, आणि मग जिथे बदलाची तारीख वाचायची सवय झालेली असते तिथे टॅगचा रिकामा रकाना दिसू लागतो. माझ्या मते ही अंदाजबाजी थांबवून सर्व फोल्डरांना तपशिलाच्या रकान्यांची एकच मांडणी लावावी. एकाच मसुद्याच्या दोन प्रतींपैकी नवी कोणती आणि मोठी कोणती, हे चित्रांच्या मांडणीत पटकन समजत नाही. रकान्यांत ते शोधावेही लागत नाही.

छायाप्रकाश

असहमत. कॅमेऱ्याने नावाऐवजी नुसते क्रमांक दिलेल्या शेकडो छायाचित्रांपुढे आपले रकाने निरुपयोगी आहेत. तिथे लघुचित्र हीच फाइलीची खरी ओळख असते. क्रमाचेही तसेच आहे. पुस्तकाची प्रकरणे नावाने लावलेली बरी, तर उतरवून घेतलेल्या फाइलींत सर्वांत नवी आधी दिसलेली बरी. विंडोज १० च्या मे २०१९ मधील सुधारित आवृत्तीपासून डाउनलोड्सचा फोल्डर मुळातच नव्यापासून जुन्याकडे लावलेला येतो, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. सगळ्या फोल्डरांना एकाच साच्यात बसवणे म्हणजे केवळ आपल्या नजरेच्या सोयीसाठी फाइलींमधला फरक नाकारणे होय.

रकानेप्रेमी

डाउनलोड्सचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे केवळ क्रम बदललेला नाही, तर आज, काल, मागील आठवडा असे गट पाडलेले आहेत. नाव आठवते पण दिवस आठवत नाही अशी फाइल शोधायची, तर नावानुसार क्रम लावूनही ती प्रत्येक गटात स्वतंत्रपणे पाहावी लागते, कारण गट कायम राहून क्रम फक्त त्यांच्या आत लागतो. राहिला छायाचित्रांचा प्रश्न. कंट्रोल आणि शिफ्ट या कळांसोबत २ दाबले की मोठी चित्रे दिसतात आणि ६ दाबले की पुन्हा रकाने येतात. हवे तेव्हा चित्रे पाहावीत. त्यासाठी कायमची वेगळी मांडणी कशाला?

छायाप्रकाश

कळ दाबून केलेला तो बदलही एक्सप्लोरर त्या फोल्डरापुरता लक्षात ठेवतोच! म्हणजे ज्या स्मरणशक्तीला आपला विरोध आहे, तिच्याच आधारावर आपला उपाय चालतो.

जुनी खिडकी

ही स्मरणशक्ती मुळात का आली, हे पाहिल्याशिवाय हा वाद सुटणार नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फोल्डर स्वतःच्या खिडकीत उघडत असे आणि ती खिडकी जिथे, ज्या आकारात सोडली तिथेच पुन्हा मिळत असे. त्यामुळे मांडणी हा फोल्डरचाच गुण वाटे. लिनक्सवरील नोम या प्रणालीच्या नॉटिलस या फाइल-व्यवस्थापकाने २००४ मध्ये हीच पद्धत सुरुवातीपासून लागू असणारी म्हणून स्वीकारली आणि २०१० मध्ये सोडून दिली. आता आपण एकाच खिडकीतून मागेपुढे फिरतो, आणि तीच खिडकी दर पायरीला रूप बदलू लागली की आपण कुठे आहोत याचा धागा सुटतो. म्हणून माझे मत प्रस्तावकर्त्यांकडे झुकते.

छायाप्रकाश

इतिहास मान्य, निष्कर्ष नाही. त्या पद्धतीत लोक कंटाळले ते उघड्या खिडक्यांच्या ढिगाऱ्याला. मांडणी लक्षात राहण्याबद्दल तक्रार असती, तर मॅकच्या फाइंडरने ती सोय आजवर टिकवली नसती. लिनक्सवरीलच केडीई या प्रणालीच्या डॉल्फिन या फाइल-व्यवस्थापकाने तर दोन्ही पर्याय सेटिंगमध्ये ठेवले आहेत: सर्व फोल्डरांना एकच मांडणी, किंवा प्रत्येकाची वेगळी लक्षात ठेवणे. निवड वापरणाऱ्याची, वाद तिथेच मिटतो.

सर्व्हरची किल्ली

मिटत नाही, कारण ही आठवण कुठे साठवली जाते याचा विचार कोणीच केलेला नाही. विंडोज ती रजिस्ट्री या स्वतःच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, त्या वापरकर्त्याच्या खात्यात ठेवतो. तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की रचना गेली. फाइंडर ती त्या फोल्डरातच डीएस स्टोअर नावाच्या लपलेल्या फाइलीत लिहितो. मग सामायिक सर्व्हरवर आणि पेन ड्राइव्हवर अशा फाइलींचा कचरा साचतो आणि विंडोज वापरणारे सहकारी तो पुसत बसतात. (नेटवर्कवर अशा फाइली न लिहिण्याची आज्ञा टर्मिनलमधून देता येते, पण ती किती जण देणार?) सामायिक फोल्डरात तरी वैयक्तिक सजावट नसावी.

आणखी एक. चित्रे की रकाने यावर वाद घालण्यापूर्वी विंडोजमध्ये मुळात झाकलेली असणारी फाइलींची विस्तारनामे (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, प्रकार सांगणारी अक्षरे) आधी उघडी करावीत. मे २००० मध्ये पसरलेल्या आयलव्हयू विषाणूची फाइल नावात टीएक्सटी लावून आली होती. तिचे खरे विस्तारनाम व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणाऱ्या आज्ञावलीचे, झाकलेले राहिल्याने ती अनेकांना साधे पत्र वाटली.

नवखा

मी प्रस्तावकर्त्यांच्या मताचा आहे, पण फोल्डर ऑप्शन्समधील 'अप्लाय टू फोल्डर्स' हे बटण दाबूनही काही फोल्डर जुन्याच रूपात उघडतात. असे का होते?

रकानेप्रेमी

कारण ते बटण फक्त त्याच शिक्क्याच्या फोल्डरांना लागू होते. सर्वसाधारण फोल्डरात उभे राहून ते दाबले, तर चित्रांचा शिक्का असलेल्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. आधी वरच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ या भागात जाऊन सर्वसाधारण हा प्रकार निवडावा आणि तो उपफोल्डरांनाही लावण्याची खूण करावी. त्यानंतर एका फोल्डरात हवी ती मांडणी करून ते बटण दाबावे.

छायाप्रकाश

उपफोल्डरांची खूण करण्यापूर्वी छायाचित्रांचा फोल्डर त्या वरच्या फोल्डरच्या आत नाही ना, तेवढे पाहून घ्या. असल्यास त्याचा शिक्का नंतर स्वतंत्रपणे पुन्हा चित्रांचा करा. प्रस्तावकर्ते रागावले तरी चालेल.