सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, १९५१ : नऊही सामने जिंकलेल्या संघाला बाउलचे निमंत्रण का मिळाले नाही?

पायवाट
नमस्कार. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास वाचताना १९५१ सालच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघापाशी मी अडखळलो. या संघाने त्या हंगामातले नऊच्या नऊ सामने जिंकले, तरीही हंगामाअखेरच्या एकाही बाउल सामन्याचे (निवडक संघांना निमंत्रण देऊन भरवल्या जाणाऱ्या सामन्याचे) बोलावणे त्यांना आले नाही आणि पुढच्या वर्षी तर संघच बंद झाला. संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, हे एकच कारण त्यामागे होते का? की त्यांचे प्रतिस्पर्धीच दुबळे होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी शिट्टी
कारण एकच होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण मुख्य कारण तेच होते, असे माझे मत आहे.

आधी संघाविषयी. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे हे विद्यापीठ लहान, आणि तिजोरीत खडखडाट. प्रशिक्षक जो कुहॅरिक यांनी हंगामापूर्वी मुलांना उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग या गावी नेऊन रणरणत्या उन्हात अक्षरशः पिळून काढले. त्या संघातले ऑली मॅटसन, जीनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एकाच महाविद्यालयीन संघातून असे तिघे निघणे फार दुर्मीळ. मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाउन केले, म्हणजे २१ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. धावांच्या यार्डांत तो देशात पहिला होता. न्यूयॉर्कमध्ये फोर्डमविरुद्ध त्याने दोनदा किकऑफचा (खेळ सुरू करताना प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला) चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत नेला, एकदा ९४ यार्ड आणि एकदा ९०. तो सामना ३२-२६ असा जेमतेम सुटला, हे लक्षात घेतले की या दोन धावांचे मोल कळते.

आता निमंत्रणाविषयी. मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून येत असाल तर वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेतल्या बाउलचा विचार होईल, असे संघाला सुचवण्यात आल्याचे खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले. त्यात मायामीच्या ऑरेंज बाउलचे नाव सर्वाधिक घेतले जाते. संघाने साफ नकार दिला. १ जानेवारी १९५२ रोजी ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर हे दक्षिणेकडचेच दोन संघ उतरले.

हिशेबनीस
वरील प्रतिसादातील तपशील मान्य, पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. नऊपैकी दोन विजय एकट्या सॅन होजे स्टेटवरचे (३९-२ आणि ४२-७), आणि आणखी दोन कॅम्प पेंडल्टन व सॅन डिएगो येथील लष्करी व नौदल संघांवरचे आहेत. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बड्या विद्यापीठांशी त्यांची गाठच पडली नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या देशभरातील संघांच्या अखेरच्या क्रमवारीत अपराजित असूनही ते चौदावे होते, याचे कारण मला तरी यात दिसते. आयोजकांना हे निमित्त आयतेच मिळाले असावे.

जुनी शिट्टी
हिशेबनीस, मुद्दा रास्त आहे. मात्र याच संघाने कॉलेज ऑफ द पॅसिफिकला ४७-१४ असे लोळवले होते, आणि त्या पॅसिफिकला टेक्ससमधल्या सन बाउलचे निमंत्रण मिळाले, जिथे ते टेक्सस टेककडून २५-१४ असे हरले. सन बाउल हा ऑरेंज बाउलच्या तोडीचा नव्हे, त्यामुळे यावरून वर्णभेद सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. पण तेहेतीस गुणांनी हरलेला संघ बाउल खेळतो आणि हरवणारा घरी बसतो, म्हटल्यावर केवळ दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचे कारण पुरेसे वाटत नाही.

संघ बंद पडला तो मात्र पैशांअभावी. बाउलच्या मिळकतीने तो तोटा कितपत भरून निघाला असता, हे सांगणे कठीण आहे. सेंट क्लेअरला शेवटचे वर्ष खेळण्यासाठी टल्सा विद्यापीठात जावे लागले.

पायवाट
दोघांचेही आभार. त्या दोन खेळाडूंचे पुढे काय झाले?

कराडकर
मॅटसनपुरते मी सांगतो, कारण आमच्या भागात १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा विषय निघाला की खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकापलीकडे कुणी जात नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि ४x४०० रिलेत रौप्यपदक मिळवले. बाउलचे दार बंद झाल्यावर अवघ्या काही महिन्यांतली ही गोष्ट आहे.

जुनी शिट्टी
टोलरचा गुडघा १९५२ च्या महाविद्यालयीन निवडक खेळाडूंच्या सामन्यात इतका जायबंदी झाला की व्यावसायिक मैदानावर खेळाडू म्हणून तो कधीच उतरू शकला नाही. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, नंतर मुख्याध्यापक. १९६५ साली मात्र तो राष्ट्रीय फुटबॉल लीग या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला आणि जानेवारी १९८० मध्ये सुपर बाउलच्या, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्याच्या, पंचमंडळातही होता. त्या काळात लीगचे आयुक्त होते पीट रोझेल. १९५१ च्या या संघाची प्रसिद्धी सांभाळणारा, वृत्तपत्रांना त्याच्या बातम्या पुरवणारा तरुण तो हाच.