जुन्या स्पोर्ट्स कारचा भाव कायम चढत नसतोय
वर एकांनी लिहिलंय की जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे सोनं, भाव वरच जाणार. तसं नसतंय हो. फेरारी २५० जीटीओचंच बघा की, १९६२ ते ६४ मध्ये जेमतेम ३६ झाल्या, अमेरिकेत नवी साधारण १८ हजार डॉलरला होती आणि रेसिंगमधून बाद झाल्यावर साठच्या दशकाच्या शेवटी १० हजाराच्याही खाली जात होती, कारण तेव्हा ती नुसती जुनी रेसगाडी. मग ८८ ला कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले, जपानी पैसा बाजारात आला, भाव कोटी डॉलरच्या वर गेला, आणि ९० नंतर सगळं धाडकन खाली. कर्ज काढून घेतलेल्यांचे हाल झाले. पुढं २०१८ च्या लिलावात ४.८४ कोटी डॉलर, २०२३ ला ५.१७ कोटी!

पण हे मोजक्याच गाड्यांचं. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ती पाच लाखांवर बनली, म्हणून ती आजपण त्यामानानं स्वस्तच आहे.

आमच्या बेळगावात कोणी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणत असेल तर आवड म्हणून जरूर घ्या, फार गोड गाडी आहे. बुश, पिन असले बारके पार्ट उद्यमबागच्या कारखान्यांत लेथवर करून मिळतात, पण काचा आणि ट्रिम (आतल्या-बाहेरच्या पट्ट्या, कव्हरं) कुठनं आणणार? आणि आरसी गोव्याची असली तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि कर्नाटकचा लाईफ टॅक्स यांचा खर्च धरूनच मालकाशी भाव बोला.