कांदा चाळीत सडतो तो शेतातूनच

चाळीतला (साठवणीच्या हवेशीर मांडवातला) कांदा जुलैतच सडायला लागला, वरून कोणती पावडर मारू, असं एका शेतकऱ्याने विचारलंय. पावडरीने फार काही होणार नाही. आधी खत-पाण्याचा हिशोब काढा. लागवडीनंतर 60 दिवसांच्या पुढे युरिया दिला असेल तर कांद्याची मान (कांद्याला पात जुळते तो भाग) जाड राहते. जाड मान नीट सुकत नाही, आणि सड तिथूनच आत शिरते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. साधारण निम्म्या माना वाकून आडव्या पडल्या की काढणी.

काढल्यावर लगेच पात कापू नका (मजूर घाई करतात, पण ऐकू नका). तीन-चार दिवस शेतातच असा पसरा, की एका ओळीच्या पातीने मागच्या ओळीचे कांदे झाकले जातील. नाहीतर उन्हाने चट्टे पडतात. मग मानेला पीळ देऊन इंचभर ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत पातळ पसरून सुकवा. जोडकांदा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला), चिंगळी (अगदी बारीक कांदा), मार लागलेला माल चाळीत घालूच नका, लगेच विका.

चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटींचा हवा. रुंदी चार फूट, थर चार-पाच फुटांपर्यंतच. भाव पडलेत म्हणून सहा-सात फूट भरला की खालचा कांदा दबतो, मधली हवा कोंडते आणि वास यायच्या आत पाणी सुटलेलं असतं. पावसाचा झोत येईल तेवढा वेळच बाजूला ताडपत्री सोडा, उघडीप मिळताच वर गुंडाळा.

आणि लाल खरिपाचा कांदा असेल तर साठवायचा विचारच सोडा.