डल्कामारा म्हणजे आपल्या धुऱ्यावरची मकोयच का?

पऱ्हाटीवाला, दारव्हा
झड लागली का आमच्या बुढीचे गुडघे धरतात. दिवसा उकाडा अन् रात्री गार वारं सुटलं, का सकाळी तिले खाटेवरून उठवत नाही. बाजाराच्या दिवशी होमिओपॅथीवाल्या डॉक्टरनं डल्कामारा ३० च्या गोळ्या देल्ल्या. इथवर ठीक. पण शेजारचे काका मोबाइलवर वाचून म्हणतात, डल्कामारा म्हणजे मकोयच, रिकामे पैसे काहून घालता? झालं! निंदणाऱ्या बायांकडून बुढीनं पदरभर मकोय आणवली अन् गंजात उकळाले ठेवली. मी गंज चुलीवरून उतरवला, तं माह्याशी बोलत नाही. पांढरी बारीक फुलं, काळी फळं, पोरं खातात तेच झाड. काढा द्यावा का?

रानभाजीवेडी, वर्धा
गंज उतरवलात ते बरं केलंत. दोन्ही वांग्याच्याच कुळातल्या, पण झाडं वेगळी. तुमची ती कामोणी, सोलॅनम नायग्रम. डल्कामारा हा वेल, मूळचा युरोप-आशियातल्या थंड मुलखातला. आपल्या देशात हिमालयात सापडतो. फूल जांभळं, मधोमध पुंकेसरांची पिवळी चोच, अन् पिकलं फळ लालभडक. विदर्भाच्या उन्हात तो धुऱ्यावर कुठून येणार? दोघींच्या हिरव्या भागांत सोलॅनिनसारखी द्रव्यं असतात. जास्त पोटात गेली तर उलट्या, पोटदुखी, चक्कर. म्हाताऱ्या माणसाला अंदाजानं काढा देऊ नका.

बीएचएमएस, अमरावती
आमच्या पुस्तकात डल्कामाराचं लक्षण नेमकं तेच आहे: ओल, गारठा, तापल्या दिवसानंतरची थंड रात्र. फुलोऱ्याआधीच्या ताज्या हिरव्या फांद्या-पानांचा अर्क काढतात. ३० म्हणजे तो अर्क शंभरपट पातळ करायचा, असं तीस वेळा. त्यामुळं गोळीनं विषबाधेची भीती नाही. पण मूळ अर्काची बाटली कोणी परस्पर आणून देऊ नये, त्यात झाड खरोखर असतं.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
तीस वेळा? मंग गोळीत उरलं काय?

सायन्स मास्तर, पुसद
साखर. बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडायची शक्यता संपत येते. नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ही जास्त काम करते असा भरवशाचा पुरावा नाही. डॉक्टरसाहेबांना राग येईल, येऊ द्या. गुडघा सुजलाय का, हात लावला तर गरम लागतो का, आधी ताप येऊन गेला का, ते पाहा. पावसाळ्यात चिकुनगुनियाही सांधे धरतो. सरकारी दवाखान्यात दाखवा.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
उजवा सुजला आहे, ताप नाही. सोमवारी नेतो. बुढी म्हणते, काढा नाही तं नाही, पिकली मकोय तरी खाऊ द्या.

रानभाजीवेडी, वर्धा
पूर्ण काळी झालेली चार-दोन खाऊ द्या. हिरवी मात्र निवडून फेका, अन् गुडघ्याचं औषध म्हणून नको.