७८ची शेवरोले पिकअप: कार्ब्युरेटर उतरवून इंजेक्शन बसवावं का?

खटारेवाला (डेन्व्हर)

मंडळी, घरात भांडण व्हायच्या आत सल्ला हवा आहे.

माझ्याकडे १९७८ची शेवरोले सी-१० आहे. काळी, रुंद, आणि एकदा बसली की उठत नाही, म्हणून घरात तिचं नाव म्हैस. इंजिन ३५०, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. वर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं भांडं, आणि दोन्ही बाजूंना एकेक टाकी.

थंडीत सकाळी चार वेळा पेडल मारून, आईबाप आठवून सुरू होते. उन्हाळ्यात वेगळंच नाटक. आय-७० महामार्गाने डोंगर चढताना आयडाहो स्प्रिंग्जला चहाला थांबलो की परत सुरूच होत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहायचं. येणारेजाणारे अंगठा दाखवून कौतुक करतात, त्यांना वाटतं मी गाडी मिरवतोय! वर आयझेनहॉवर बोगद्याजवळ काळा धूर. गॅलनला नऊ मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरसुद्धा नाही.

म्हणून इंजेक्शन, म्हणजे कंप्युटरनं मोजून पेट्रोल फवारणारी पद्धत, बसवावं म्हणतो. दोन रस्ते दिसतात. एक, कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं तयार किट, जे स्वतःच शिकतं म्हणतात. दुसरा, भंगारातून ८७ ते ९५च्या शेवरोले ट्रकचं थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, म्हणजे टीबीआय, उचलायचं. पान्हा मला चालवता येतो, वायरिंगला मात्र हात लावताना पोटात गोळा येतो. कुणी केलंय का?

बाळ_ह्यूस्टन

केलंय. माझी ७६ची, इंजिन तुमचंच. किट बसवलं. वरचं काम एका दुपारी झालं, खालच्या कामाला दीड महिना लागला. तुमचं सगळं लक्ष वरच्या चकचकीत डब्याकडे आहे, पण खरं काम टाकीत आणि वायरीत आहे.

तुमचा इंजिनावरचा मेकॅनिकल पंप पाच ते सात पीएसआय दाब देतो. किटला ५८च्या आसपास लागतो. म्हणजे तो पंप काढायचा, भोकावर पत्रा मारायचा (आतला दांडा बाहेर काढायला विसरू नका), आणि इलेक्ट्रिक पंप घालायचा, तोही टाकीच्या आत. मी पहिल्यांदा बाहेर चासीवर लावला होता. इतका केकाटायचा की बायको म्हणाली, डबा शिजतोय का मागे? शिवाय बाहेरच्या पंपाला पेट्रोल खेचावं लागतं, आणि गरम पेट्रोल खेचलं की त्याची वाफ होते. म्हणजे ज्या रोगासाठी ऑपरेशन केलं तो रोग तसाच.

रबरी होज बघून घ्या. अंगावर ३०आर७ छापलेला असेल तर तो कार्ब्युरेटरचा. इंजेक्शनला ३०आर९ लागतो, आणि टाकीत बुडणाऱ्या तुकड्याला ३०आर१०. यात काटकसर केली तर गरम इंजिनावर पेट्रोलची पिचकारी उडेल.

तुमच्या दोन टाक्या म्हणजे खास डोकेदुखी. इंजेक्शनमध्ये उरलेलं पेट्रोल परत टाकीत जातं. नुसती जाणारी लाइन बदलणारा व्हॉल्व्ह ठेवलात तर डावीकडचं पेट्रोल उजवीकडे जमा होईल आणि झाकणातून वाहील. जाणं-येणं दोन्ही एकदम बदलणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह हवा. ८७च्या पिकअपमध्ये तो कंपनीचाच असायचा, बॉडीही तुमचीच चौकोनी. मी तर सरळ एक टाकी काढून टाकली.

आता माझी फजिती. सगळं जोडलं, किल्ली फिरवली, पंप गुणगुणला, सेल्फ मारला, ढिम्म. दोन शनिवार-रविवार गेले. शेवटी कळलं की चावीवरची जी बारा व्होल्टची वायर मी घेतली होती ती सेल्फ मारताना मेलेली असते, रेडिओची होती ती. कंप्युटर ऐन वेळी झोपायचा. मीटर लावून बघा, सेल्फ फिरत असतानाही करंट टिकला पाहिजे. मुख्य लाल-काळ्या वायरी थेट बॅटरीवर, मध्ये कुठेही जोड नको.

लॅम्डाताई (मिशिगन)

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते. खटारेवाले, आधी एक विचारते: कार्ब्युरेटर शेवटचा कधी उघडलात?

तुमची तीन लक्षणं तीन वेगळ्या कारणांची आहेत. सकाळचं दुखणं बहुधा चोकचं, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणाऱ्या झडपेचं. चहानंतरचं दुखणं म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेनं उकळतंय. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे ते लवकर उकळतं, त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल. आणि वरचा काळा धूर सरळ हिशेबाचा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल, तुमच्याकडे साधारण ८३, बोगद्याशी ६७च्या आसपास. हवा विरळ झाली तरी जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या तोटीचं, भोक तेवढंच राहतं, म्हणून पेट्रोल जास्त. इंजेक्शनचा कंप्युटर मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून पेट्रोल कापतो. रोज घाट चढणार असाल तर इंजेक्शनचा हा खरा फायदा. ताकद मात्र विरळ हवेत कमीच राहणार.

पण क्वाड्राजेटचा फ्लोट, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी धरणारा तरंगता तुकडा, फोमसारख्या प्लास्टिकचा असतो. वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, मग पातळी वर चढते आणि गाडी सगळीकडेच जास्त पिते. तो आधी तपासा. बिघडलेल्या कार्ब्युरेटरची नव्या इंजेक्शनशी तुलना केली की इंजेक्शन जिंकणारच.

‘स्वतःच शिकतं’ याबद्दल: ते एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून शिकतं, आणि तो सेन्सर फक्त ऑक्सिजन बघतो. एखादा प्लग मिसिंग मारत असेल तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो, कंप्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असला तरी हेच. म्हणून प्लग, वायरी, एक्झॉस्टचे गॅस्केट आधी ठीक करा, नाहीतर ते चुकीचंच मन लावून शिकेल.

टीबीआयचा मोह असेल तर एक खोच लक्षात ठेवा. ८७पासूनच्या हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) मॅनिफोल्डचे मधले बोल्ट वेगळ्या कोनात आहेत. तो मॅनिफोल्ड तुमच्या ७८च्या हेडवर नीट बसणार नाही, जुन्यावरच अॅडॅप्टर प्लेट लावावी लागेल. डिस्ट्रिब्युटर, स्पीड सेन्सर, नॉक सेन्सर हेही त्याच गाडीतून आणा. दाब ९ ते १३ पीएसआयच लागतो, ही मोठी सोय. पण पेट्रोलचं गणित चिपमध्ये कोरलेलं असतं. इंजिन कंपनीनं दिलं तसंच असेल तर उत्तम चालेल, कॅमशाफ्ट बदलला असेल तर चिप पुन्हा लिहिणारा माणूस शोधत फिराल.

साळुंखे_कॅलिफोर्निया

इथे कुणी वाचत असेल तर: कॅलिफोर्नियात ७५पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी (धुराची) नाही, ७६पासून आहे. किटला राज्याच्या एअर बोर्डाचा मान्यता क्रमांक आहे का ते आधी बघा, मगच पाकीट काढा. माझ्या ओळखीतल्या एकानं किट बसवलं आणि तपासणीसाठी परत उतरवलं.

जिप्सीवाला_कोल्हापूर

आमच्याकडे हा वाद जिप्सीवरून चालतो. जुनी कार्ब्युरेटरवाली आणि २०००च्या सुमाराची एमपीएफआयवाली (म्हणजे इंजेक्शनची), दोन्ही चालवल्यात. पन्हाळ्याच्या चढाला दुसरी गुमान ओढते. पण जंगलात बंद पडली तर पहिली मी रुमाल आणि तारेच्या तुकड्यानं सुरू केलीय, दुसरी दोरी लावून आणलीय. म्हैस कुठं बसते त्यावर ठरवा राव.

खटारेवाला (डेन्व्हर)

सगळ्यांचे आभार. लॅम्डाताई, कार्ब्युरेटर मी घेतल्यापासून उघडलाच नव्हता, लाज वाटते सांगायला. मागच्या आठवड्यात उघडला. नवा फ्लोट आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवले, जुना जवळपास दीडपट भरला. काट्याला आता पेट्रोलचा वास येतो. भांडण टळलं नाही.

फ्लोट बदलला, चोक बसवून घेतला. सकाळी दुसऱ्या पेडलला उठली. धूर कमी झालाय, पण परवा आयडाहो स्प्रिंग्जला पुन्हा पंचवीस मिनिटं उभा होतो. म्हणजे इंजेक्शन करायचंच, पण बाळरावांच्या क्रमानं: या हिवाळ्यात टाकी, होज आणि वायरिंग, वरचा डबा वसंतात. उजवी टाकी उतरवलीय. आत तळाला गंजाचा लाल चिखल आहे, त्यात पंप बुडवायची हिंमत नाही. बाळराव, तुम्ही टाकी धुऊन घेतली होती की नवीच आणली?